डावीकडची किक

सासऱ्यांना मुली दोन, म्हणून जावई दोन. आणि जावई दोन म्हटले की तुलना आलीच. घरात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. एक थोरले, एक धाकटे. थोरले दातांच्या लॅबमध्ये कामाला होते. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि थोरले त्यांवरून कवळ्या बनवून द्यायचे. धाकट्यांची बेकरी होती. पहाटे उठून मळायचं, भाजायचं, आणि दुपारी जरा आडवं व्हायचं.

कवळ्या बनवणाऱ्याच्या हाताला बारीक कामाची सवय असते. त्या सवयीतूनच थोरल्यांना छंद जडला होता, युद्धातल्या लष्करी मोटारसायकलींच्या इवल्याशा प्रतिकृती बनवायचा. बाजारातून तयार भागांचा खोका आणून चिकटवायच्या नव्हेत. ते त्यांच्या मते पोरखेळ होतं. सगळं मुळापासून, आपल्या हातानं. खऱ्या गाडीचं माप घ्यायचं, त्याला पस्तिसानं भागायचं आणि जे उत्तर येईल तेवढा भाग घडवायचा. अशी गाडी पुरी झाली की करंगळीएवढी भरते. सांगाडा तांब्याच्या तारेचा. टाकीसाठी प्लास्टिकचे पातळ पत्रे एकावर एक चिकटवायचे आणि आकार येईपर्यंत घासायचे. सायलेन्सर इंजेक्शनच्या सुईचा. चाकाच्या स्पोकांचं तर विचारूच नका. शिवायचा दोराही तिथे दोरखंडासारखा दिसतो. त्यासाठी प्लास्टिकची कांडी मेणबत्तीवर मऊ करून हळूच ताणायची, आणि तिच्यातून केसासारखा जो तंतू निघतो तो घ्यायचा. ताणताना श्वास जोरात सोडला तरी तुटतो.

बरीच वर्षं या राज्याचे थोरले एकटेच राजे होते. सासरे स्वतः तरुणपणी युद्धात मोटारसायकलवरून निरोप पोचवायचं काम करत असत. थोरल्यांची प्रत्येक नवी गाडी ते तळहातावर घ्यायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "आमचे थोरले म्हणजे ब्रह्मदेवाचे साडू." थोरले वरवर हात झटकायचे, पण हे वाक्य ऐकायला ते दर रविवारी सासरी जायचे, हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक होतं.

मग धाकट्यांचा पाय मोडला. पाय प्लास्टरमध्ये, माणूस खाटेवर, बेकरी बंद. त्यांचा वेळ जावा म्हणून कुणी त्यांना चिमटा, पातं आणि प्लास्टिकचे पत्रे नेऊन दिले? थोरल्यांनीच. टाकी कशी घासायची, तंतू कसा ताणायचा, हेही शेजारी बसून शिकवलं. धाकट्यांची बोटं केळ्यांसारखी जाड. थोरल्यांना वाटलं, चार दिवस खेळतील आणि कंटाळतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

धाकट्यांचा पाय बरा झाला, बेकरी उघडली, पण छंद काही सुटला नाही. आणि एक गोष्ट थोरल्यांच्या ध्यानात आली. धातूच्या कामात धाकटे अजून कच्चे होते, पण दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळून जी पुटी तयार होते, ती त्यांच्या हातात पडली की तिचं काय वाट्टेल ते व्हायचं. जन्मभर कणीक मळलेला माणूस तो. गाडीच्या बाजूला लटकणाऱ्या कॅनव्हासच्या पिशव्या थोरले करायचे त्या साबणाच्या वड्यांसारख्या दिसायच्या. धाकट्यांच्या पिशव्यांना सुरकुत्या असायच्या, पट्टा आवळला तिथे चुणी असायची, आणि तळ असा खाली ओघळलेला असायचा की आत काहीतरी वजनदार भरलंय.

"या पिशवीत डाक आहे," सासरे एका रविवारी म्हणाले. त्यांनी भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "पावसात भिजलेली डाक. अशीच लोंबायची पिशवी."

थोरले तेव्हा कलिंगडाच्या बिया काढत होते. त्यांनी बिया काढायचं काम जरा जास्तच मन लावून केलं.

"दादा, तुम्ही शिकवलंत म्हणून," धाकटे म्हणाले. ते खरंच तसं मानत होते आणि तेच थोरल्यांना सहन होत नव्हतं. माणूस गर्विष्ठ असला तर त्याला नावं ठेवता येतात. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार जिकिरीचं काम.

"माझं काय त्यात, साडूभाऊ," थोरले म्हणाले. "पीठ चांगलं मळलंय तुम्ही."

धाकटे मोकळेपणानं हसले. थोरल्यांच्या बायकोनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि कलिंगडाची फोड त्याच्या पुढ्यात सरकवली.

त्याच दुपारी सासऱ्यांनी ती मागणी केली. त्यांची नव्वदी जवळ आली होती. म्हणाले, "इतक्यांच्या गाड्या केल्यात, माझी करा की. दोघांनीही करा. मला माझी वाटेल ती मी उशाशी ठेवीन. दुसरी कपाटात."

कपाटात. थोरल्यांच्या डोक्यात हा शब्द जाऊन बसला तो बसलाच.

सासऱ्यांची गाडी पुस्तकात सापडणारी नव्हती. लष्कराच्या वर्कशॉपनं मोडक्या गाड्यांचे भाग जोडून ती उभी केलेली. इंजिन एका गाडीचं, चाकं दुसरीची, आणि काही भाग शत्रूकडून हाती लागलेले. नकाशा नाही, माप नाही. होता तो एकच फोटो, सासऱ्यांच्या खोलीत पलंगासमोर टांगलेला. गाडी डावीकडे तोंड करून उभी, तिच्यामागे तरुण सासरे, एक हात सीटवर. टाकीवर नंबर होता, पण तो चिखलानं पार झाकला होता. मूळचा लहान फोटो केव्हाच गहाळ झालेला. हा मोठा फोटो युद्धानंतर स्टुडिओत निगेटिव्हवरून करून घेतलेला.

थोरल्यांनी फोटो उतरवला, लॅबमधल्या यंत्रावर त्याच्या दोन प्रती काढल्या, एक स्वतः ठेवली, एक धाकट्यांना दिली. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

फोटोत गाडीची डावी बाजू दिसत होती. किक डावीकडे, सायलेन्सर डावीकडे. म्हणजे चेन पलीकडे, उजवीकडे. थोरल्यांच्या कपाळाला जरा आठी पडली, कारण बहुतेक गाड्यांना हे सगळं उलट असतं. पण शत्रूच्या काही गाड्यांची किक डावीकडे असे, हे त्यांना माहीत होतं. तिथलाच कुठला तरी भाग असणार, अशी त्यांनी समजूत घातली आणि कामाला लागले. सासऱ्यांची उंची ठाऊक होती, तिच्यावरून चाकाचं माप काढलं, चाकावरून बाकीचं. जेवणाच्या टेबलाचं एक टोक त्यांचं, दुसऱ्या टोकाला बायकोचं शिलाई मशीन. ती कपड्यांच्या दुकानासाठी कपडे लहानमोठे करून द्यायची.

गाडी जवळजवळ तयार झाली होती. एका संध्याकाळी बायको दोरा ओवायला दिव्याजवळ आली. फोटोची प्रत तिथेच चिकटवलेली होती.

"बाबांनी कुणा बाईचा शर्ट घातलाय का हो?" ती म्हणाली.

"काय?"

"बटणं बघा की. पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू वर येते. यात उजवी वर आहे. दिवसभर बटणंच लावते मी, मला नाही कळणार तर कुणाला?" ती हसली आणि मशीनकडे वळली.

थोरले हसले नाहीत. त्यांनी लॅबच्या पिशवीतून दांड्याचा इवला आरसा काढला, तोंडात घालून दाढा बघायचा असतो तो, आणि फोटोसमोर धरला. आरशात सासऱ्यांचा शर्ट सरळ झाला. मनगटावरचं घड्याळ उजव्या हातावरून डाव्या हातावर गेलं. आणि किक उजवीकडे आली, जिथे ती असायला हवी होती.

स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी घातली होती. सासरे जन्मभर समोरच्या भिंतीवर उलटा फोटो बघत आले होते आणि थोरल्यांनी उलटी गाडी बनवली होती.

त्यांनी आरसा खाली ठेवला. आणि पुढच्याच क्षणी मनात एक विचार आला, मांजरासारखा, पाय न वाजवता. उलटी गाडी फक्त आपणच बनवली नाही.

"धाकट्या भाऊजींना कळवा हं," मशीनवरून बायको म्हणाली. "तेही यावरूनच करतायत ना?"

"सांगतो," थोरले म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी धाकट्यांचाच फोन आला. मागे बेकरीतल्या ट्रेंचा खडखडाट ऐकू येत होता.

"दादा, एक विचारायचं होतं. किक डावीकडेच ना? मला जरा विचित्र वाटतंय. म्हटलं आपलं ज्ञान केवढं, तुम्हाला विचारावं."

थोरल्यांच्या हातात त्या वेळी कुणाची तरी कवळी होती. ती त्यांनी उलटसुलट फिरवून बघितली.

"फोटोत दिसतंय तसं करा," ते म्हणाले.

"तेच म्हटलं मी. थँक्यू दादा. तुम्ही होतात म्हणून बरं."

या उत्तरात खोटा शब्द एकही नव्हता. थोरल्यांनी स्वतःला हे बऱ्याचदा सांगितलं. एवढ्यांदा सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

मग त्यांनी दुसरी गाडी सुरू केली. पहिलीचे चाक-टाकी असे काही भाग उचलले, बाकी सगळं नव्यानं. सासऱ्यांचा वाढदिवस तोंडावर आला होता. लॅबमधून आले की ते टेबलाशी बसायचे आणि जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. काम करताना डोळ्यांसमोर एकच चित्र: धाकट्यांची गाडी, त्या सुरकुतल्या पिशव्यांसकट, सासऱ्यांच्या तळहातावर. सासऱ्यांनी भिंग लावलंय. आणि सासरे म्हणतायत, "अहो धाकटे, ही किक भलतीकडेच की!" या चित्रानं थोरल्यांना इतकं बरं वाटायचं, की ते त्यांनी रोज थोडं थोडं घासून चकचकीत केलं होतं.

बायकोनं पुन्हा एकदा विचारलं. "सांगितलंत ना?"

"अगं, हो, बोललो आम्ही फोनवर."

बोलले होतेच.

वाढदिवसाला केक अर्थातच धाकट्यांचा. जेवणं झाली, ताटं उचलली, आणि सासऱ्यांनी टेबलावर पांढरा टॉवेल अंथरायला लावला. खोलीतला फोटो त्यांनी आधीच आणवून समोरच्या भिंतीवर टांगून घेतला होता. "आणा गाड्या," म्हणाले.

दोघांनी आपापल्या डब्या उघडल्या. दोन करंगळीएवढ्या मोटारसायकली टॉवेलवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीची किक उजवीकडे, एकीची डावीकडे. थोरल्यांचं धातूकाम म्हणजे घड्याळ. धाकट्यांची जरा ओबडधोबड, पण पिशव्या आणि सीट अशी, की आत्ताच कुणी उतरून गेलंय.

सासऱ्यांनी भिंग लावलं. आधी थोरल्यांची घेतली, फिरवली, आणि खाली ठेवली. मग धाकट्यांची घेतली. ती मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

"ही माझी," ते म्हणाले.

थोरल्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"थोरले, तुमचं काम उत्तम आहे, नेहमीसारखंच. पण ही आरशात बघून केल्यासारखी वाटते हो. माझ्या गाडीची किक इकडे." त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. "बघा ना, रोज समोर असते."

धाकट्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचाच चेहरा पडला. आपण जिंकलो यापेक्षा दादांचं चुकलं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं. "अरे हो, दादा, तुमची किक उजवीकडे गेली. सायलेन्सरपण. पण फोटो तर तुम्हीच… मला फोनवर तुम्हीच सांगितलंत की."

थोरल्यांना बोलायची सोयच नव्हती. फोटो उलटा आहे म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. टेबलाच्या पलीकडे त्यांची बायको रुमालाची घडी घालत होती. ती घडी तिनं मोडली आणि पुन्हा घातली. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"होतं असं घाईत," धाकटे म्हणाले. त्यांनी खिशातून पातं काढलं. "आणा इकडे. किक कापून पलीकडे लावायची, सायलेन्सर उपटायचा, चेन फिरवायची. बाबा, जेवण जिरेपर्यंत दोन्ही सारख्या करून देतो. दादांची कपाटात जायला नको." आणि आपल्या त्या जाड बोटांनी त्यांनी गाडी अलगद उचलली आणि पातं किकच्या मुळाशी टेकवलं.

थोरल्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका. ती बरोबर आहे."

"बरोबर कशी?"

"फोटो उलटा छापलाय." थोरल्यांनी मनगट सोडलं. "शर्टाची बटणं बघा. घड्याळ बघा. बाबा, तुम्ही किक कुठल्या पायानं मारायचात?"

"हा काय प्रश्न झाला," सासरे म्हणाले. पण खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांचा उजवा पाय जरासा उचलला गेला आणि टाच खाली गेली. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग फोटोकडे.

"तुम्हाला कधी कळलं हे?" धाकट्यांनी विचारलं.

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. बायको तिथे होती म्हणून म्हणता आलं नाही, की आणखी कशामुळे, ते थोरल्यांना पुढेही कधी नीट सांगता आलं नसतं.

"तुम्ही फोन केलात त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा…"

"हो."

धाकट्यांनी पातं मिटून खिशात ठेवलं. त्यांची बायको मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "वा, भाऊजी," ती म्हणाली. "दिवसभर लोकांचे दात बनवता, त्यातला एक आमच्यावर धरायला ठेवलातच."

"असू दे गं," धाकटे म्हणाले.

"का असू दे? हे वेडे दादा दादा करत बसतात, आणि—"

"असू दे म्हटलं ना."

सासऱ्यांनी भिंग पुसलं. दोन्ही गाड्या समोर ओढल्या. "थोरल्यांची खरी," ते शेवटी म्हणाले. "पाय खोटं बोलत नाही. पण खरी गाडी मी चालवली ती युद्ध संपेपर्यंत. ही भिंतीवरची बघत म्हातारा झालो. उशाशी मला हीच लागेल." आणि धाकट्यांची उलटी गाडी घेऊन ते काठी टेकत आपल्या खोलीत गेले.

दोघी बहिणी केकच्या बशा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. आतून नळाचा आवाज येत होता आणि त्याच्यावरून बोलण्याचा. दोन्हीही नेहमीपेक्षा मोठे. थोरले आपल्या गाडीसमोर बसून राहिले. जगात तिच्याइतकी खरी दुसरी नव्हती आणि ती कुणालाही नको होती.

धाकटे केकचा रिकामा ट्रे घेऊन बाहेर निघाले होते. दारात थांबले. परत आले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ही मला द्याल?"

"काय करणार?"

"दुसरी करीन म्हणतो. सुलटी. हिच्यावरून मापं घेता येतील." जरा थांबून ते म्हणाले, "फोटोवर आता माझा विश्वास नाही."

फोटोवर की आणखी कशावर, ते थोरल्यांना कळलं. आणि त्याच वेळी पुढचंही त्यांना स्वच्छ दिसलं. आपली मापं आणि याच्या पिशव्या. हा माणूस हीच गाडी आपल्यापेक्षा चांगली करणार. शंभर टक्के करणार. आपण नुसतं नाही म्हटलं की झालं.

त्यांनी गाडी डबीत ठेवली, कापूस नीट दाबला, डबी धाकट्यांच्या हातात दिली. दिली, पण बोटं काही सुटली नाहीत. दोघंही डबी धरून उभे राहिले.

"पुढचा फोर्क लांब झालाय," थोरले म्हणाले. "अर्ध्या केसानं. घाईत केला मी. त्यामुळे गाडीनं नाक वर काढलंय. तुम्ही करताना कमी करा."

धाकट्यांनी डबी उघडली आणि गाडी खिडकीच्या उजेडात धरली. एक डोळा मिटून पाहिली.

"हो की," ते म्हणाले. "मला दिसलंच नव्हतं. कुणालाच दिसलं नसतं."

"मला दिसतं."

धाकट्यांनी ट्रे खाली ठेवला. खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. तिच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले.

"आणखी कुठे चुकलंय?" त्यांनी विचारलं. "सगळं सांगा या वेळी."

थोरल्यांनी भिंग उचललं आणि मागच्या मडगार्डपासून सुरुवात केली.